अकरा एक्यांचं घर

वजा करायला काही उरलंच नाही.

वर एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. खालीही तेच. जयवंताने कोळशाने आडवी रेघ ओढली आणि रेघेखाली काय लिहायचं ते तिला सुचेना. आजवर त्या रेघेखाली काही ना काही येतच आलं होतं. कधी दोन आकडे, कधी चार, कधी नुसता एखादा पाच किंवा सात, पण आलं होतं. शून्य लिहायची हाताला सवयच नव्हती.

तिने पदराने घाम पुसला आणि पहिल्यापासून सगळं पाहिलं. पाचदा घेतलं, बरोबर. एकदा घेतलं, बरोबर. तीनदा, दोनदा, पुन्हा तीनदा. शेवटी नऊदा. हातचे तपासले. अकरा एके बोटाने मोजले, एखादा कमी-जास्त तर लिहिला नाही ना! अकराच होते. पडवीच्या शेणाने सारवलेल्या भुईवर ते शहाण्यासारखे ओळीत उभे होते, आणि त्यांच्या पायाशी काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

विहिरीत वाकून पाहावं आणि रोजचं पाणी तिथे नसावं, तसं तिला झालं.

"जयवंते, अगं सारवून झालं का न्हाय?" आतून सासूची, साखरबाईची हाक आली. "म्हस कवाधरनं वरडतीया."

"झालंच, आत्या," जयवंता म्हणाली. आपला आवाज आपला वाटला नाही तिला.

शेणाची पाटी शेजारीच होती. रोज दुपारी असंच असायचं. सगळे इकडेतिकडे गेले की पडवी सारवायचं निमित्त काढून ती इथे बसायची, कोळशाने दोन-चार भागाकार मांडायची, आणि बाकी उरली की त्यावरून शेणाचा हात फिरवायची. मागे काही राहायचं नाही. कुठवर आलो तेवढं डोक्यात ठेवायचं, उद्या तिथून पुढे. आज मात्र तिने पाटी ओढली आणि हात तसाच वर धरून बसली.

पुसावं की न पुसावं?

---

हा आकडा सासऱ्याचा. आबाजींचा.

भिगवणच्या खालच्या अंगाला, जिथून उजनीचं फुगलेलं पाणी दिसतं, तिथे त्यांची वस्ती. एके काळी या घरात मेंढरं होती, आता ऊस होता, दोन म्हशी होत्या आणि जुन्याची आठवण म्हणून आबाजींनी पुन्हा पाळलेली थोडकी मेंढरं. थोरला सोपान, जयवंताचा नवरा, रोज मोटारसायकलवरून बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात जायचा. धाकटा मल्हार रान बघायचा. मल्हारच्या बायकोला, रतनला, दुसरं लेकरू झालं त्या साली दोघा भावांची विहिरीच्या मोटरवरून चांगलीच जुंपली. म्हणजे एक्याण्णवची गोष्ट. सोयऱ्याधायऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, वाटण्या करून टाका.

आबाजींनी काठीच्या टोकाने अंगणाच्या मातीत एक लिहिला. शेजारी आणखी एक. असे अकरा.

"ही घरातली अकरा मानसं," ते म्हणाले. "मी, म्हातारी, तुमी चौघं आन पाच लेकरं. हिथं कुनी थोरलं न्हाय, कुनी धाकलं न्हाय, समदी एकाला एक लागून. काय आकडा झाला?"

"अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा," मल्हारने घाम काढत वाचला.

"ह्याचं सारखं वाटं करून दावा. खाली काय उरू द्यायचं न्हाय. ज्या दिशी जमंल त्या दिशी घराचं वाटं. माजा शब्द हाय."

"एकानं भागा की," मल्हार म्हणाला.

"एकाला समदं दिलं, तर वाटा कसला? आन एकेकाला एकेक दिला, तर घर कसलं? मधलं कायतरी सांग."

मल्हारने बारामतीहून कॅल्क्युलेटर आणला. त्यात आठ एके बसले आणि नवव्याला यंत्र हटून बसलं. आबाजी पोट धरून हसले होते. "आरं, यंत्रात आपलं घर मावत न्हाय!" भावांचं भांडण त्या हसण्यातच विरलं. मोटरच्या पाळ्या ठरल्या, आणि तो आकडा घराचा एक माणूस होऊन राहिला. लेकरं तो घोकायची. रुसवेफुगवे झाले की साखरबाई म्हणायची, "जावा, आदी अकरा एके फोडून या."

आबाजींचं या एक्यांशी नातं जुनं होतं. पोरपणी चार बुकं शिकून ते मेंढरांमागे लागले, आणि कोकणपट्टीकडे चराईला उतरताना, दुपारी मेंढरं झाडाखाली डोकी घालून बसली की खडकावर एके मांडायचे. कुठला कशाने तुटतो ते त्यांना वाटेवरच्या गावांसारखं पाठ होतं. सम संख्येने जोडीत उभे असले की अकराने तुटतात. तीन एके सदतीसने. पाच एके एक्केचाळीसने. आणि तीन एक्यांना तीन एक्यांनीच गुणलं की एक, दोन, तीन, दोन, एक. डोंगर चढला आणि उतरला. हे सारं त्यांनी घरात एकाच माणसाला हौसेने सांगितलं होतं, जयवंताला. तीही चौथी शिकलेली, आणि पोळ्या लाटतालाटता पाढे म्हणणारी.

"अकरा एके मात्र तुटत न्हाईत बघ," ते तिला म्हणाले होते. "हजारापातूर बघितलंय म्या."

हजारापर्यंतच का, हे तिने विचारलं नव्हतं. पुढे तिचं तिलाच कळलं. हजाराच्या वर मेंढरं असलेला कळप आबाजींनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यापुढे वाटे पडतात हे त्यांच्या मनातच येणार नव्हतं.

जयवंता हजाराच्या पुढे गेली. तिथून वाट सांगायला कोणी नव्हतं.

आणि ती का गेली, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

या घरात तिला जाच नव्हता. मारहाण नव्हती, टोचून बोलणं नव्हतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून एवढंच होतं की भाजी तिने करायची, कालवण तिने उतरवायचं, आणि मग साखरबाईने येऊन चमच्याने चाखून त्यात मीठ घालायचं. दोन्ही सुनांच्या हातचं, रोज, दोन्ही वेळा. मिठाची बरणी सासूच्या उशाशी. त्यात वाईट हेतू काही नव्हता, साखरबाईच्या सासूनेही तेच केलं होतं. पण लेकरं तीन झाली, केसात रुपेरी तार दिसली, आणि तरी आपल्या हाताला मिठाचा अंदाज आहे की नाही हे जयवंताला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःची चूल हवी होती. लहान असली तरी चाललं असतं, तिच्यावरचं खारट-अळणी आपलं असतं. आणि त्या चुलीच्या वाटेवर सासऱ्याचे अकरा एके हात धरून उभे होते.

म्हणून ती भागत गेली. सम सोडले, पाचावर संपणारे सोडले, तीनाचे, साताचे सोडले. राहिले त्यांच्याशी रोज दुपारी दोन हात केले. आधी हट्टाने, मग सवयीने, आणि कधी कोण जाणे, आवडीने. दिवसातली तेवढीच घटका तिची होती. सारवताना ती मनाशी गुणगुणायची,

*अकरा माजं एके बाई, उभं खांद्याला खांदा लावून*
*किती भागू गं सये, एखादा ऱ्हातोच मागं उरून*

आणि आज कोणी मागे उरलं नव्हतं.

---

"अक्का, आज किती नवरदेव परत गेलं?"

जयवंता दचकली. रतन डोक्यावर गवताचा भारा घेऊन अंगणात उभी होती. जावेचा हा खेळ तिला माहीत होता, का चालतो ते माहीत नव्हतं. तिच्या मते तो आकडा म्हणजे लग्नाची नवरी, आणि जयवंता तिला स्थळं दाखवते.

"तुजी नवरी लई नखऱ्याची बाई," रतन भारा टाकत म्हणाली. "म्हातारी हुईल पर हू म्हननार न्हाय. ह्यो काळा, त्यो बुटका. कुनाचं नाक, कुनाचं काय!"

"आज कोन आलंच न्हाय," जयवंता म्हणाली आणि पदर पसरून भुईवर बसली. आकड्यावरच बसली.

"तोंड का गं असं? ऊन लागलं का काय?"

"व्हय. ऊनच लागलं."

रतनने माठातलं पाणी आणून तिच्या हातात दिलं. जयवंताने तांब्या नुसताच धरून ठेवला. रतनने तो वरून धरला, लेकराला पाजावं तसं पाणी पाजलं, आणि हसत म्हशीकडे गेली.

---

आबाजी दिवस कलायच्या आत आले. उन्हाळ्याने उजनीचं पाणी उतरलं होतं, उघड्या पडलेल्या गाळावर गवत होतं, मेंढरं पोटभर चरून आली होती. मेंढरं वाडग्यात कोंडून, फाटक लावून ते पडवीत टेकले. जयवंता भिंतीला लागून उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "येक बघता का?"

आणि तिने बोटाने दाखवलं.

आबाजींनी आधी नुसतं पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग गुडघ्यावर आले.

"कितीनं भागलंस?"

"एकवीस हजार सहाशे एकोनपन्नास."

"आन वाट्याला काय आलं?"

"पाच लाख तेरा हजार दोनशे एकोनचाळीस."

"कुटंतरी हातचा चुकला आसंल," ते म्हणाले. "ऱ्हातो हातचा. माजाबी ऱ्हातो." त्यांनी कोळसा घेतला आणि उलटं गुणायला बसले. नऊने गुणलं, तिसाने गुणलं, दोनशेने गुणलं. सहा ओळी एकीखाली एक उतरल्या. मग उजवीकडून बेरीज सुरू झाली. पहिल्या घरात एक आला. दुसऱ्यात सात आणि चार अकरा, खाली एक. तिसऱ्या घरात हातचा धरून एकवीस, खाली एक. चौथ्या घरापाशी आबाजी थांबले, बोटांच्या पेरांवर दोनदा मोजलं, आणि एक लिहिला. प्रत्येक घरापाशी त्यांचा कोळसा जरा वर राहायचा, जणू दुसरं काही येऊ दे म्हणून वाट बघायचा, आणि येऊन एकच यायचा. अकरावा एक लिहिताना कोळशाचा चुरा झाला.

त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. जयवंताने सासऱ्याचं उघडं डोकं कधी पाहिलं नव्हतं. पांढरे, भुरभुरे केस, लेकराच्या टाळूसारखे. तिने मान फिरवली.

आबाजींनी कोळशाचा चुरा हाताने बाजूला लोटला.

"तुटत न्हवता गं ह्यो," आबाजी म्हणाले. "माजा बाप गेल्यावर चौघा भावांनी मेंढरं वाटून घेतली. चौघांच्या मिळून तीन वरसात चार शेपट्या उरल्या न्हाईत. तवापास्नं म्या ह्यो आकडा जपला. म्हनलं, हे तरी तुटनार न्हाय." ते थांबले. "हजाराच्या म्होरं काय हाय, ते बघितलंच न्हाय म्या."

"मी पुसते, मामा. आत्ता सारवते. कुनाला बोलले न्हाय मी."

"भुईवरलं पुसशील."

"दोनात कुटं तुटतोय पर? एकवीस हजार वाटेकरी कुटनं आनायचं आपन? ह्याला काय वाटनी म्हनत्यात?" ज्यासाठी इतकी वर्षं भागलं तेच आपण आता मोडून काढतोय, हे बोलताबोलता तिच्या ध्यानात आलं, आणि तिची जीभ अडखळली.

"मी वाटं म्हनलो हुतो. कितीचं, ते म्हनलो न्हवतो." आबाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "येकच सांग, पोरी. का भागलंस? ख्योळ म्हनून?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. रतनलाही तेच वाटत होतं. सगळ्यांना तेच वाटलं असतं.

जयवंता पायाच्या अंगठ्याने भुई उकरत राहिली.

"व्हय," आबाजी हलकेच म्हणाले, तिने काही सांगितल्यासारखं. त्यांनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. पिळे मात्र नीट बसेनात.

---

दिवेलागणीला सोपान कारखान्यातून आला, मल्हार रानातून आला. पुरुषमाणसं जेवायला बसली तेव्हा आबाजींनी ताटाला हात लावला नाही.

"आकडा तुटला," ते म्हणाले. "म्या सोता बघितला."

सगळे थबकले. सोपानचा घास हातातच राहिला. आबाजींनी दोन्ही आकडे सांगितले तेव्हा आधी कोणाला अर्थच लागेना, आणि मग मल्हार एकदम खो खो हसत सुटला.

"एकवीस हजार वाटं? आबा, तेवढी ढेकळं तरी हायत का आपल्या रानात? म्हशीचं येक शेपूट कितीजनांला द्यायचं?"

लेकरं हसली. साखरबाईही हसली. सोपान सुटल्यासारखा म्हणाला, "दोनात तुटतोय का? न्हाय ना? मग मिटलं तर! जेवा तुमी."

हसण्याने घर पुन्हा भरून आलं. जयवंता तव्यापाशी होती. तिच्या अंगातूनही काहीतरी सैल झालं. चला, सुटलो. उद्यापासून नवा आकडा मागून घेऊ.

"शब्द दिलाय म्या," आबाजी म्हणाले, आणि हसणं थांबलं. "घरात कुनालाच वाटा नको आसंल तर शब्दाला बी काय करायचं? ऱ्हाऊ द्या. पर कुनाला पायजेल आसंल तर आज, हितं बोला. पुन्यांदा म्या इचारनार न्हाय, आन कुनी मागायचंबी न्हाय."

ते कोणाकडेच बघत नव्हते. ताटातल्या कालवणाकडे बघत होते.

मल्हारने खांदे उडवले. सोपान म्हणाला, "कुनाला पायजेल, आबा? काय कायबी." साखरबाईने बरणी उचलली, पळीभर कालवण पुन्हा चाखलं आणि मीठ घालायला चिमूट धरली.

तव्यावरची भाकरी फुगली. ती उतरवायला हवी होती. जयवंताने ती उतरवली नाही.

"मला," ती म्हणाली.

साखरबाईची चिमूट तशीच हवेत राहिली. सोपानने मान वळवून बायकोकडे पाहिलं, गर्दीत हरवलेलं ओळखीचं माणूस शोधावं तसं. भाकरी करपल्याचा वास सुटला आणि कोणी हललं नाही.

"काय कमी पडलं गं तुला?" साखरबाईचा आवाज फुटला. "सांग की. काय कमी केलं आमी?"

"कमी काय न्हाय, आत्या. मीठसुदिक कमी न्हाय."

"मग?"

"ते माज्या हातानं घालून बघायचंय."

सासूला हे कळलं की नाही कोण जाणे. पण रतनला कळलं. ती दाराशी धाकट्या लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. दुपारी पाणी पाजताना ती हसत होती, आता तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हंजी अक्का," ती म्हणाली, "येवढी वरसं रोज दुपारच्याला तू आमास्नी भागत हुतीस?"

जयवंता वाकली आणि काळी पडलेली भाकरी उघड्या हाताने तव्यावरून काढली. चटका बसला ते तिला नंतर कळलं.

आबाजींनी पहिला घास मोडला. "जेवा," ते म्हणाले. "वाटं आखितीचा सन झाल्यावर हुतील."

---

भांडण झालं नाही. तेच अवघड गेलं. उत्तरेकडची खोली आणि तिच्यापुढची पडवी सोपानकडे आली, भिंत फोडून वेगळं दार केलं. आबाजी आणि साखरबाई मल्हारकडे राहिले, दोन म्हशींतली एक इकडे आली आणि दोन दिवस तिकडच्या गोठ्याकडे बघून हंबरत राहिली. सोपान बायकोशी पहिले काही दिवस कामापुरतं बोलला, मग हळूहळू जास्त. रतन दिसली की हसायची, पण काही विचारायची नाही.

जयवंताने चूल मांडली. पहिल्या दिवशी कालवण खारट झालं, दुसऱ्या दिवशी अळणी. लेकरं तोंडं वाकडी करून जेवली. तिसऱ्या दिवशी जमलं, आणि जमलं हे सांगायला ती नकळत जुन्या भिंतीकडे वळली.

दुपार झाली की ती पडवीत बसायची. भुई सारवलेली, कोळसा हाताशी. भागायला काही नव्हतं. मोकळ्या दुपारी किती लांब असतात हे तिला माहीतच नव्हतं.

अशाच एका दुपारी बाहेर कोणी खाकरलं.

ती दारात आली. आबाजी उभे होते. पाठीमागे उन्हात मेंढरं. या घराच्या प्रत्येक खणात ते आजवर न विचारता वावरले होते, पाणी लागलं तर माठात तांब्या बुडवून घेतलं होतं, सुनांनी पदर सावरावा म्हणून फक्त खाकरले होते. आज खाकरून ते थांबले.

"पानी मिळंल का वाईच?" त्यांनी विचारलं.

जयवंताचा हात चौकटीवर होता, तो तिथेच गोठला. काय म्हणायचं असतं? घरातल्या माणसाला आत या म्हणायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"या," ती म्हणाली. "या ना, मामा."

आबाजींनी पायातल्या जाड धनगरी वहाणा काढल्या. वाकून त्या उंबऱ्याबाहेर एकीला एक लावून ठेवल्या, तोंडं रस्त्याकडे करून, परक्याच्या दारात ठेवाव्यात तशा. मग पटका सारखा केला, आणि तिने दिलेल्या जागेवर येऊन बसले.